फायरबॉलचा घेर आणि चकलीचे मान

एका गुहेत आठ गॉब्लिन शेकोटीभोवती बसले आहेत. गुहेच्या तोंडाशी पाचव्या लेव्हलचा एक फायटर आणि पाचव्याच लेव्हलचा एक विझार्ड उभे आहेत. फायटरला आपल्या पाळीत दोन वार करता येतात. दोन्ही लागले आणि फासे बरे पडले तर दोन गॉब्लिन आडवे होतात. विझार्ड फायरबॉल टाकतो. सहा पैलूंचे आठ फासे, सरासरी २८. ज्या गॉब्लिनने चपळाईने अंग चोरले त्याला निम्मी इजा, म्हणजे १४. गॉब्लिनचा जीव ७. तेव्हा अंग चोरणारा आणि न चोरणारा यांच्यातला भेद निव्वळ तात्त्विक उरतो. एकाला दोन, दुसऱ्याला आठ: ही वाटणी न्याय्य आहे काय?

प्रस्तुत प्रबंधाचा विषय एवढाच. तो क्षुल्लक आहे हे मान्य. पण सोसायटीच्या जनरल बॉडीतही कधी आवाज न चढवणारी, शिकलेली, कमावती माणसे याच प्रश्नावरून रविवारी संध्याकाळी एकमेकांना ‘तू आधी पुस्तक दाखव’ असे सुनावतात. ज्या प्रश्नावर इतकी माणसे इतक्या निष्ठेने भांडतात, तो शास्त्राने वाऱ्यावर सोडणे बरे नव्हे. हितसंबंध आधीच जाहीर करतो: प्रस्तुत लेखक फायटर खेळतो. निःपक्षपाती विवेचन हवे असलेल्या वाचकाने दुसरा ग्रंथ पाहावा.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसून एकेका काल्पनिक पात्राचे सोंग घेतात आणि एक जण, म्हणजे डीएम, उरलेले सगळे जग होतो: राक्षस, राजा, पाऊस, कुलूप आणि कुलपातली विषारी सुई. काय जमले नि काय फसले हे वीस पैलूंचा फासा ठरवतो, आणि फाशाने नेमके काय ठरवले हे डीएम ठरवतो. या कुळाचा मूळपुरुष म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या जोडीच्या नावाने अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावातून १९७४ साली तो बाहेर पडला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिली छपाई हजार प्रतींची. त्या पुस्तिकांनी वाचकाला निरोप देताना सुचवले होते की यापुढचे तुमचे तुम्हीच रचा, आमच्यावर कशाला विसंबता? पुढे त्याच गायगॅक्स यांनी ‘अॅडव्हान्स्ड’ आवृत्ती काढली आणि नियम मनाप्रमाणे बदललेत तर तुम्ही खेळता तो हा खेळच नव्हे, अशी भूमिका घेतली. घरच्या नियमांचा जन्मदाताच त्यांचा पहिला वैरी निघाला.

नियम मोठा की पंच मोठा, या वादाचे मूळ मात्र या खेळाच्याही दीडशे वर्षे मागे आहे. राइसविट्झ नावाच्या तरुण प्रशियन अधिकाऱ्याने १८२४ मध्ये क्रीगस्पील हा युद्धाचा खेळ छापला. नकाशा, ठोकळे, फासे आणि तक्ते. तक्ते इतके की एक चकमक निकालात काढता काढता खरी लढाई उरकली असती. मग १८७६ मध्ये फेर्डी दू व्हेर्नुआ या सेनानीने तक्ते बाजूला सारले आणि अनुभवी पंच सांगेल तो निकाल, असा ‘मुक्त’ प्रकार सुचवला. रविवारी आमच्याकडे जे दोन पक्ष पडतात त्यांची वंशावळ ही अशी. आमचा विझार्ड, जो सोमवार ते शनिवार चार्टर्ड अकाउंटंट असतो, तो राइसविट्झपंथी. डीएमबाई दू व्हेर्नुआपंथी. प्रस्तुत लेखकाचा पंथ ज्याच्या बाजूने निकाल लागेल त्याचा.

आता मूळ रोगाचे निदान. फायरबॉल इतका माजलेला का? याचे उत्तर जादूत नसून तोफखान्यात आहे. १९७१ साली गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी चेनमेल नावाचे मध्ययुगीन लढायांचे नियम काढले. त्यात एक शिशाचे प्यादे म्हणजे वीस माणसे असा हिशेब होता. त्याच्या शेवटी गंमत म्हणून परीकथेतल्या मंडळींची पुरवणी जोडली. विझार्डला काय द्यावे? हाताशी आधीच गोफणयंत्रांचे आणि तोफांचे नियम तयार होते. फायरबॉलला मोठ्या कॅटपल्टच्या माऱ्याचा घेर मिळाला आणि विजेच्या लोळाला जड तोफेचा. तीन वर्षांनी हाच विझार्ड मैदानातून उचलून दहा फुटी भुयारात आणून सोडला, पलटणीऐवजी चार मित्रांसोबत. फायटर मात्र प्याद्यातल्या वीस माणसांपैकी एकच उरला. म्हणजे एकाला विसाने भागले आणि दुसऱ्याची तोफ तोफच राहिली. सगळ्या पुढच्या भांडणांचे बीज या भागाकारात आहे, असे आमचे मत आहे, आणि आमच्या टेबलावर ते फक्त आम्हालाच पटले आहे.

समतोलासाठी केलेला पहिला उपाय तर १९७४च्या पुस्तिकांहूनही जुना. आर्नेसन यांच्या ब्लॅकमूर या खेळात एक खेळाडू सर फँग नावाचा व्हॅम्पायर झाला आणि इतका बळावला की बाकीच्यांना खेळवेना. आजचा डीएम अशा वेळी त्या खेळाडूला बाजूला घेऊन ‘अरे जरा सांभाळून घे’ म्हणेल. आर्नेसन यांनी त्याच्यावर सोडायला एक नवीनच जात निर्माण केली: हातात क्रूस घेतलेला, भूतपिशाच्चे पळवणारा क्लेरिक. म्हणजे आज जगभर जो क्लेरिक सगळ्यांच्या जखमा बांधत हिंडतो, त्याचा मूळ हेतू एका माणसाला आवरणे हा होता. आमचा क्लेरिक हे ऐकून काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे मी हाउस रूल आहे.”

विझार्डला आवरण्याची युक्ती मात्र वाङ्मयातून आली. जॅक व्हॅन्स यांचे ‘द डाइंग अर्थ’ १९५० मध्ये निघाले. त्यातल्या जादूगाराच्या डोक्यात मोजकेच मंत्र मावतात, आणि मंत्र उच्चारला की तो साफ विसरला जातो. पुन्हा हवा असेल तर पुन्हा घोकायचा. हीच पद्धत खेळात आली: मंत्राची एकेक जागा म्हणजे स्लॉट, आणि ते पुन्हा भरून देणारी झोप म्हणजे लाँग रेस्ट. कृतज्ञतेपोटी व्हॅन्स यांच्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून वेक्ना नावाचा एक महादुष्टही घडवला गेला. भारतीय वाचकाला यात नवल वाटू नये. परशुरामाच्या शापाने ऐन रणात ब्रह्मास्त्र विसरणारा कर्ण हा याच नियमाने खेळत होता. फरक इतकाच की कर्णाचा स्लॉट लाँग रेस्टनंतरही परत आला नाही.

या विस्मरणाखेरीज आणखीही कर लावले गेले. १९७४च्या हिशेबात दुसरी लेव्हल गाठायला क्लेरिकला १,५०० अनुभवगुण लागत, फायटरला २,०००, विझार्डला २,५००. शिवाय शस्त्र म्हणाल तर खंजीर. १९७८च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या विझार्डचा जीव म्हणजे चार पैलूंचा एक फासा, आणि दिवसाला मंत्र एक. तो एक मंत्र टाकून झाला की उरलेला दिवस हा मनुष्य फायटरच्या पाठीमागून कंदील धरून चालायचा. तिसऱ्या आवृत्तीत घरगुती मांजराचेही आकडे दिलेले होते. किरकोळ प्रकृतीचा नवखा विझार्ड आणि ते मांजर यांच्या द्वंद्वात कोण जिंकेल, हे छातीठोकपणे सांगता येत नसे.

यामागचा न्यायविचार असा: आज हाल सोस, उद्या राज्य कर. ऐकायला बरा वाटतो. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे खेळ ‘उद्या’पर्यंत चालेल. आमच्यासारख्यांचे खेळ बदली, बारसे, ऑडिटचा हंगाम आणि पाहुणे यांनी पाचव्या-सहाव्या लेव्हलला मरतात. म्हणजे पहिल्या लेव्हलला विझार्डने सोसलेले हाल आणि विसाव्या लेव्हलला त्याने करायचे राज्य, यांपैकी एकच घडते. कोणते, हे पहिल्याच दिवशी विसाव्या लेव्हलचे पात्र मांडून खेळ सुरू करणाऱ्या हुशार लोकांनी ओळखले आहे.

फायरबॉलच्या घेराविषयी येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते टाळता येत नाही. १९७८च्या पुस्तकानुसार या गोळ्याला जागा कमी पडली तर तो मिळेल तिकडे पसरून आपले घनफळ भरून काढत असे. ते घनफळ सुमारे ३३,००० घनफूट. वीस फूट त्रिज्येच्या गोलाचे घनफळ काढून पाहिले तर हिशेब बरोबर लागतो. आता दहा फूट रुंद, दहा फूट उंच भुयारात हा गोळा फुटला तर? ३३० फूट लांब. अर्धा पुढे, अर्धा मागे, म्हणजे दोन्ही बाजूंना १६५ फूट, आणि टाकणारा त्याच्या कितीतरी आत उभा. पुण्यात हजार चौरस फुटांच्या, दहा फूट उंचीच्या फ्लॅटमध्ये हाच प्रयोग केला तर आपला फ्लॅट, शेजारचा, त्याच्या शेजारचा असे तीन फ्लॅट भरून चौथ्याचे स्वयंपाकघर लागते. शिवाय त्या आवृत्तीत या आगीने सोने-चांदी वितळत असे. म्हणजे ज्या खजिन्यासाठी गुहेत उतरलो तोच भिंतीला थापला जायचा. त्या काळचे विझार्ड फायरबॉल टाकण्याआधी भूमितीचा विचार करत, आणि विचार करताना गप्प असत. पुढच्या आवृत्त्यांनी हे घनफळ काढून नुसती त्रिज्या ठेवली. विझार्डवरचा सर्वांत परिणामकारक कर कोणता होता, तर घनफळाचा, आणि तो कोणीही आंदोलन न करता माफ झाला.

मंत्राला लागणाऱ्या साहित्याचीही तीच कथा. फायरबॉलला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागते. विष्ठेतला सोरा आणि गंधक एकत्र आले की बंदुकीच्या दारूतला फक्त कोळसा उरतो. रचणाऱ्याचा विनोद उघड आहे. एकदा आमच्या डीएमबाईंनी जाहीर केले की यापुढे हे साहित्य मोजून बाळगावे लागेल. पुढच्या खेळाला विझार्डने एक तक्ता आणला: आरंभीचा साठा, खरेदी, वापर, वाळून झालेली घट, अखेरचा साठा. घट वेगळ्या रकान्यात दाखवली होती. त्या संध्याकाळी आम्ही एका वटवाघळांच्या गुहेत जाऊन पोती भरली. राक्षस एकही मारला नाही. फायटरच्या वाट्याला पोते उचलण्याचे काम आले, कारण ताकद त्याची जास्त.

येथे प्रबंधाचा गाभा सुरू होतो. आमचा सिद्धांत असा की विझार्डला आवरण्यासाठी केलेला प्रत्येक घरचा नियम शेवटी फायटरलाच लागतो. याचे कारण दोघांच्या घडणीत आहे. फायटरकडे फासा असतो, विझार्डकडे मजकूर. घरचा नियम करायला बसलेली माणसे फाशाच्या आकड्यांना हात लावतात, कारण ते सोपे असते. मजकुराला हात लावायचा तर आधी तो वाचावा लागतो.

पुरावा म्हणून तो लोकप्रिय नियम घ्या: फाशावर १ पडला की फजिती. तलवार निसटते, धनुष्याची दोरी तुटते, वार मित्राला लागतो. सगळ्यांना समान, म्हणून न्याय्य, असे त्याचे समर्थन केले जाते. आता गणित पाहू. नवशिका फायटर एका पाळीत एक वार करतो. फजितीची शक्यता ५ टक्के. पाचव्या आवृत्तीत विसाव्या लेव्हलचा फायटर, म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरचा अव्वल तलवारबाज, चार वार करतो. निदान एकदा तरी १ पडण्याची शक्यता १८.५ टक्के. त्याने सगळी ताकद एकवटून आणखी चार वार केले, तर ती ३३ टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे माणूस जितका निष्णात, तितकी त्याची तलवार अधिक वेळा हातातून सुटते. आणि आयुष्यातल्या सर्वोत्तम सहा सेकंदांत तर दर तीन खेपांना एकदा. फायरबॉल टाकणाऱ्याची शक्यता किती? शून्य. तो वीस पैलूंचा फासा टाकतच नाही. अंग चोरण्याचा फासा समोरच्यानेच टाकायचा असतो. आम्ही हे गणित कागदावर मांडून दाखवले तेव्हा विझार्डने ते तपासले, दशांशचिन्ह बरोबर असल्याचे मान्य केले आणि नियम कायम ठेवण्याच्या बाजूने मत दिले.

पात्राचे गुण घरून फासे टाकून आणण्याच्या प्रथेवरही एक वाक्य लिहिणे भाग आहे. चार फासे टाकून सर्वांत लहान सोडायचा, असे सहा वेळा. यात दोन अठरा मिळण्याचा योग हजारात चौघांच्या आसपास. आमच्या टेबलावर ते चौघेही आहेत.

विश्रांतीचा प्रश्न त्यापेक्षा गहन. २०१४च्या पुस्तकाची अपेक्षा अशी की साहसी मंडळींनी एका दिवसात सहा ते आठ चकमकी झेलाव्यात. त्यांत विझार्डचे मंत्र पुरवून पुरवून वापरले जातील आणि न थकणाऱ्या फायटरचे चीज होईल. प्रत्यक्षात सकाळी पहिल्या दालनात विझार्ड सगळे स्लॉट उधळतो आणि साडेदहाला म्हणतो, “आता लाँग रेस्ट घेऊ या.” आठ तास झोपले की सगळे मंत्र परत. गुहेतले राक्षस बिचारे पुढच्या दालनात ताटकळत बसतात. पहारा कोण देतो? ज्याला झोपून काही परत मिळायचे नसते तो. एका आठवड्याच्या विश्रांतीशिवाय मंत्र परत नाहीत, असाही एक पर्याय पुस्तकातच दिला आहे. आम्ही तो लावून पाहिला. विझार्डने एका खेड्यात आठवडाभर खोली घेतली. भाडे सामाईक निधीतून.

समता खरोखरच आणली गेली होती, हे नमूद न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००८च्या चौथ्या आवृत्तीने विझार्ड, फायटर, क्लेरिक या सगळ्यांना एकाच साच्यातल्या शक्ती दिल्या: काही कधीही वापरायच्या, काही चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. विझार्डचे ओझे कमी झाले, फायटरला प्रथमच ‘आज काय करू?’ असा प्रश्न पडला. परिणामी जगभर ओरड झाली की सगळेच सारखे वाटतात, जादूत जादू उरली नाही. ओरडणाऱ्यांत फायटरही होते, ही आमच्या वर्गाची शोकांतिका. सहा वर्षांत जुनी व्यवस्था बऱ्याच अंशी परतली.

याउलट आर्स मॅजिका. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हॅगन यांचा हा १९८७चा खेळ. तेराव्या शतकातल्या युरोपात, जादूगारांच्या मठात घडणारा. त्यांनी समतोलाचा आवच आणला नाही. जादूगार बाकीच्यांपेक्षा थोर, हे पहिल्याच पानापासून मान्य. मग न्याय कसा? प्रत्येकाने एक जादूगार करायचा, एक सोबतीही करायचा आणि शिपाई-नोकर सगळ्यांनी मिळून चालवायचे. आज तुझा जादूगार, उद्या माझा. तोल पात्रांत नाही, पाळीपाळीने खेळण्यात. ही कल्पना आम्हाला इतकी पटली की आम्ही ती टेबलावर मांडली. विझार्ड म्हणाला, “छान आहे. म्हणजे आज माझा जादूगार.” ती पाळी अजून चालू आहे.

मजकुराचे सामर्थ्य किती, हे दाखवणारे एक जुने कोडे या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. दोन हजार शेतकरी पाच-पाच फुटांवर एका रांगेत उभे करा. प्रत्येकाने ‘शेजाऱ्याने काठी दिली की पुढच्याला देईन’ अशी तयारी ठेवायची. नियमानुसार हे सगळे एकाच सहा सेकंदांच्या फेरीत घडते. म्हणजे काठी सहा सेकंदांत दहा हजार फूट, तीन किलोमीटर जाते. वेग ध्वनीच्या सुमारे दीडपट. मग शेवटच्या शेतकऱ्याने ती ड्रॅगनवर सोडायची आणि इजा मात्र भौतिकशास्त्राने मोजायची. वेगापर्यंत पुस्तक पाठ, आणि इजेच्या क्षणी न्यूटन. २०२४च्या डीएमच्या पुस्तकात अखेर लिहावे लागले की हे नियम म्हणजे पदार्थविज्ञान नव्हे. आमच्या टेबलावर याची गरज पडली नाही. डीएमबाईंनी विचारले, “दोन हजार शेतकऱ्यांना मजुरी कोण देणार?” विझार्डने लगेच माघार घेतली.

मजकूरवाल्यांचे अंतिम ध्येय म्हणजे विश हा नवव्या पायरीचा मंत्र. आठव्या पायरीपर्यंतच्या कोणत्याही मंत्राची नक्कल केली तर निर्धोक. त्यापलीकडचे काही मागितले तर शब्दांचा अर्थ डीएम लावणार, आणि यापुढे हा मंत्र कधीच न साधण्याची शक्यता ३३ टक्के. पुस्तकातच उदाहरण आहे: शत्रू मेलेला हवा असे मागितलेत, तर तुम्ही तो मेल्यानंतरच्या काळात जाऊन पडाल. हिरण्यकशिपूच्या वराचा मसुदा आठवा. दिवसा नाही रात्री नाही, आत नाही बाहेर नाही, जमिनीवर नाही आकाशात नाही, माणूस नाही पशू नाही, शस्त्राने नाही अस्त्राने नाही. इतका पक्का मसुदा, आणि समोरच्याने संध्याकाळ, उंबरठा, मांडी, नरसिंह आणि नखे काढून दाखवली. डीएमने दिलेल्या निवाड्यांत याच्या तोडीचा दुसरा आम्हाला माहीत नाही. आमच्या विझार्डला विश मिळायला अजून बारा लेव्हल आहेत. त्याने मसुदा आताच केला आहे. त्यात ‘संधिकाल धरून’ असे शब्द आहेत. परिशिष्ट अ मध्ये प्राण्यांची यादी.

एवढे विवेचन करूनही मूळ प्रश्न राहतोच: दोन आणि आठ. आम्ही बराच विचार केला तेव्हा जाणवले की गॉब्लिन मोजण्यातच घोटाळा आहे. फायटरला आठ गॉब्लिन नको असतात. सहा गॉब्लिन कमी मारल्याचे दुःख आमच्या मनात शोधूनही सापडत नाही. बोचते ते वेगळेच, आणि ते मोजायला शास्त्रात एकक नव्हते. ते आम्ही सुचवतो: चकली. दुसऱ्याची पाळी चालू असताना वाट पाहणारा खेळाडू जेवढ्या वेळात एक चकली सावकाश संपवतो, ते एक चकली-मान. फायटरची पाळी अर्धी चकली: “दोन वार. सतरा, लागला? नऊ, नाही. झालं.” आता विझार्डची पाळी ऐका.

“मी फायरबॉल टाकतो. नाही, थांब. हे ‘क्रीचर’ म्हटलंय की ‘विलिंग क्रीचर’?”

“क्रीचर.”

“मग गोळा माझ्यावरच टाकतो. मी मधोमध. स्कल्प्ट स्पेल्स आहे माझ्याकडे, आपली माणसं वाचतात.”

“किती?”

“तिसऱ्या पायरीचा मंत्र, म्हणजे अधिक एक, चार. तुम्ही तिघं आणि मी.”

“ते ‘अदर क्रीचर्स’साठी आहे रे,” क्लेरिक म्हणतो. “तू स्वतःला अदर नाहीस.”

“कुठं लिहिलंय?”

पुस्तक उघडते. दुसरे पुस्तक उघडते. मोबाइलवर इंग्रजी वाक्याची पदफोड होते. ‘दॅट यू कॅन सी’ आहे म्हणून आरसा चालेल का, असा उपप्रश्न निघतो. दोन चकल्या. तिसरीच्या मध्यावर तो म्हणतो, “जाऊ दे, फायर बोल्ट टाकतो.” फासा पडतो: ४. लागत नाही.

म्हणजे त्या पाळीत विझार्डने एकही गॉब्लिन मारला नाही, फायटरने एक मारला होता, आणि तरीही संध्याकाळ विझार्डची झाली. जादूचा असमतोल इजेच्या फाशांत नसून वाचनाच्या वेळात आहे. ज्याला ओपी, म्हणजे अतिबलवान, ठरवून नर्फ, म्हणजे बोथट, करायचे आहे तो फायरबॉल नव्हेच, तो फायरबॉलचा परिच्छेद आहे. या सिद्धांताच्या आधारे आम्ही घरच्या नियमाचा ठराव मांडला: कोणत्याही खेळाडूची पाळी दीड चकलीपेक्षा लांबली तर ती ‘बचावात्मक पवित्रा घेतला’ असे धरून संपवावी. क्लेरिकने अनुमोदन दिले. डीएमबाईंनी मान डोलावली.

विझार्डने हरकती नोंदवल्या. चकली कोणाच्या दातांनी मोजणार? फायटर भराभर खातो, त्यामुळे त्याला मापक नेमणे हा हितसंबंधांचा संघर्ष. सर्द चकली जास्त वेळ चालते, तेव्हा पावसाळ्यात वेगळा दर लागेल. भाजणीच्या चकलीची आणि तांदळाच्या चकलीची बरोबरी कशी करणार? शिवाय मोडकी चकली धरायची की नाही? या हरकतींवर झालेली चर्चा, त्याच चकलीमानाने, एक डबाभर चालली. शेवटी क्लेरिक हा प्रमाण खाणारा, आणि भाजणीची, न मोडलेली, त्याच दिवशी उघडलेल्या डब्यातली चकली हे प्रमाण, असे ठरले. नियम लागू झाला. ठराव करताना एक बाब आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती, ती म्हणजे चकल्या दर रविवारी विझार्डच्या घरून येतात.

त्यापुढच्या रविवारी तो चिवडा घेऊन आला. चिवड्याला नग नसतो. मूठ धरावी, चमचा धरावा की द्रोण, हे ठरवायला उपसमिती नेमली आहे. तिचा निमंत्रक विझार्ड आहे आणि अहवाल येईपर्यंत पाळीला मर्यादा नाही.